पोल, पोलरॉइड आणि पॅनेल

या वेळी ध्रुवीकरणावरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत, त्या वाचकांनी रागावू नका. निवडणुकांचा मोसम आणि बारावीचं वर्ष एकाच घरात आलं की असं होतं बहुतेक.

प्रश्न : ताई, मी एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमधे केमिस्ट आहे. सीझनला रोज रसाचा पोल काढणं हे आमचं काम. मुलगी बारावीला आहे, तिच्या पुस्तकात प्रकाशाचं पोलरायझेशन आलंय आणि नेमकी याच वर्षी कारखान्याची निवडणूक लागलीय, जो तो म्हणतोय तालुक्यात ध्रुवीकरण झालं. मुलगी म्हणाली, पप्पा तुम्ही लॅबमधे मोजता ते पण पोलरायझेशन आणि गावात झालंय ते पण पोलरायझेशन, मग गावातलं पण मोजा की! चेष्टेत म्हणाली, पण मला काही सांगता आलं नाही. दोन्हीचा खरंच काही संबंध आहे का? – एक केमिस्ट, कराडजवळून

उत्तर : संबंध आहे, पण मुलगी ज्या धड्यात शोधतेय त्या धड्यात नाहीये. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या धड्यात आहे. सांगते.

आधी तुमचा पोल, कारण बाकीच्या वाचकांना हे माहीत नसणार. रसात विरघळलेलं सगळं मिळून जे काही असतं ते ब्रिक्स, त्यात साखर किती ते पोल, आणि पोल भागिले ब्रिक्स गुणिले १०० म्हणजे प्युरिटी. रस गढूळ असतो म्हणून लेड सबअ‍ॅसिटेट टाकून ढवळायचा, गाळायचा, पहिले काही थेंब फेकून द्यायचे, मग तो स्वच्छ रस २०० मिलिमीटरच्या नळीत बुडबुडा न राहू देता भरायचा आणि नळी पोलरीमीटरमधे ठेवायची. त्या यंत्रात पिवळा प्रकाश आधीच असा गाळून घेतलेला असतो की त्याची कंपनं एकाच दिशेत होतायत. साखरेचा रेणू ती दिशा उजवीकडे वळवतो. साखर जितकी जास्त तितकी दिशा जास्त वळते, एवढाच खेळ. शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन १०० मिलीचं द्रावण केलं तर त्या नळीत दिशा साधारण साडेचौतीस अंश वळते आणि साखरेच्या स्केलवर त्यालाच १०० म्हणतात. पातळ पदार्थसुद्धा प्रकाश असा वळवतात हे बियो नावाच्या फ्रेंच माणसाने १८१५ साली शोधलं, तेव्हापासून साखरेच्या धंद्याला हे मोजमाप चिकटलंय ते आजतागायत. अर्थात पोल फसवतोही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तोडून पडून राहिलेल्या उसात जिवाणू वाढतात, डेक्स्ट्रान तयार होतं आणि ते साखरेच्या जवळपास तिप्पट जोरात उजवीकडे वळवतं, म्हणजे ऊस शिळा आणि पोल मात्र छान!

आता यात दोन टोकं कुठे आहेत? कुठेच नाहीत. हाच मुद्दा आहे. सूर्याचा किंवा बल्बचा प्रकाश पुढे जाताना त्यातलं विद्युत क्षेत्र प्रवासाच्या दिशेला आडवं, आडवं म्हणजे काटकोनात, सगळीकडे थरथरत असतं, वरखाली, डावीउजवीकडे, तिरपं, सगळं. त्यातलं एकाच दिशेचं उरलं की झालं पोलरायझेशन. मग ध्रुव आले कुठून, तर १८०८ साली पॅरिसमधे एत्येन लुई मालूस नावाचा लष्करी इंजिनियर घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे बघत होता, मावळतीचं ऊन काचांवरून परतत होतं, हातात कॅल्साइटचा खडा होता, ज्यातून एरवी प्रत्येक गोष्ट दुहेरी दिसते. खडा फिरवल्यावर त्या उन्हाच्या दोन प्रतिमांपैकी एक फिकी होते मग दुसरी फिकी होते असं त्याला दिसलं. मालूस न्यूटनच्या पंथाचा, प्रकाश म्हणजे कण असं मानणारा, त्यामुळे त्याला वाटलं की या कणांना लोहचुंबकासारखे ध्रुव असणार आणि काचेवर आपटून ते सगळे एका दिशेला लागत असणार. नाव पडलं. पुढे यंग आणि फ्रेनेल यांनी प्रकाश ही आडवी लाट आहे हे मांडलं, १८२१ पर्यंत मालूसचे ध्रुव निकालात निघाले आणि नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

म्हणून लॅबमधला पोल गावाला लावायला गेलात तर गणित जमणार नाही. मुलीला सांगा, विद्युतस्थितिकीचा धडा काढ, कपॅसिटरवाला, तिथे डायइलेक्ट्रिकचं पोलरायझेशन आहे. दोन पत्र्यांच्या मधे काच, अभ्रक असं काहीतरी वीज न वाहणारं ठेवायचं आणि पत्र्यांना व्होल्टेज द्यायचं. आतल्या अणूंमधला धन भार किंचित एकीकडे सरकतो, ऋण किंचित दुसरीकडे. एकही भार बाहेरून आत आलेला नाही, आतला एकही बाहेर गेलेला नाही, बेरीज अजून शून्यच आहे, पण एका बाजूच्या कडेला सगळं धन दिसायला लागतं आणि दुसऱ्या कडेला ऋण. हे गावासारखं आहे! माणसं तीच असतात, ऊस तोच, पाणी तेच, आणि फॉर्म भरायची तारीख जाहीर झाली की दोन पॅनेल.

यात अजून एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. काही पदार्थांच्या रेणूंना मुळात टोकं नसतात, बाहेरचं क्षेत्र ती तयार करतं. आणि पाण्यासारख्या काहींचे रेणू आधीच दुटोकी असतात पण कुणाचं तोंड कुठे तर कुणाचं कुठे, क्षेत्र आलं की ते फक्त एका दिशेला वळतात. गावातपण दोन्ही प्रकार असतात. कुठे बांधावरची भांडणं, भावकी, जुना सोसायटीचा हिशोब हे सगळं आधीचंच असतं, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून, आणि निवडणूक येऊन त्या सगळ्यांना एका रेघेत लावते, मग ज्याचं बांधावरून भांडण तो आपोआप दुसऱ्या पॅनेलचा. आणि कुठे काहीच नसतं, चांगले एका पंगतीला जेवणारे लोक असतात आणि त्यांच्यात टोकं बाहेरून तयार केली जातात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गावं सारखीच दुभंगलेली दिसतात पण औषध वेगळं लागतं.

व्होल्टेज काढलं की साध्या काचेतलं पोलरायझेशन जवळजवळ लगेच जातं. पण बेरियम टायटनेटसारखे काही पदार्थ असतात, फेरोइलेक्ट्रिक म्हणतात त्यांना, त्यांच्यात व्होल्टेज काढलं तरी ते शिल्लक राहतं आणि घालवायचं तर उलट्या दिशेने जोर लावावा लागतो नाहीतर तापवावं लागतं. निकाल लागून गुलाल धुतला गेला तरी दूध डेअरी दोन, गणपती मंडळं दोन, कटिंगला जायचं दुकानसुद्धा दोन, अशी गावं तुमच्या बघण्यात असतीलच. त्यांना फेरोइलेक्ट्रिक म्हणायला माझी हरकत नाही.

प्रश्न : समाजातलं ध्रुवीकरण खरंच मोजता येतं का? की नुसतं म्हणायचं? आणि विषमता वेगळी आणि ध्रुवीकरण वेगळं असं आमचे सर म्हणतात, ते डोक्यात शिरत नाहीये. – एम.ए.चा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : मोजता येतं, आणि सर बरोबर सांगतायत. देवराज रे आणि त्यांचे स्पॅनिश सहकारी एस्तेबान या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली यावर एक निबंध लिहिला, त्यातलं उदाहरण घ्या. दहा घरं आहेत, उत्पन्न १, २, ३ असं करत १० पर्यंत. आता असं समजा की १ ते ५ वाली पाचही घरं ३ वर आली आणि ६ ते १० वाली पाचही घरं ८ वर आली. विषमता काय झाली? कमी झाली, विषमता मोजतात तो गिनी गुणांक मी काढून बघितला, ०.३० वरून ०.२३ वर येतो. पण तुम्हाला कुठल्या वस्तीत भांडण पेटायची भीती जास्त वाटेल? दुसऱ्याच की! कारण पहिल्या वस्तीत प्रत्येकाच्या मागे एक आणि पुढे एक असे शेजारी होते, आपला गट असा कुणाचाच नव्हता. दुसरीत पाच जण हुबेहूब आपल्यासारखे आणि पाच जण लांब, मधे कुणी नाही. म्हणजे आपल्यातल्यांशी एकजीव होणं आणि पलीकडच्यांपासून तुटणं या दोन्ही गोष्टी लागतात, दोन्हींचा मिळून आकडा निघतो. नुसती तफावत पुरत नाही.

उत्पन्नाच्या जागी मतं ठेवलीत तरी चालेल. पण मतं लांब असणं आणि मनं लांब असणं यातही फरक आहे आणि हल्लीचं संशोधन जास्त करून दुसऱ्याच्या मागे आहे. अमेरिकेतला प्रसिद्ध प्रश्न म्हणजे सोयरीक. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० साली दोन्ही पक्षांत मिळून शंभरातले जेमतेम पाच जण हो म्हणत होते, २०१० साली रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश हो म्हणाले. शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या निबंधात हे आकडे आहेत. त्यांचं म्हणणं असं की धोरणांबद्दलची मतं तेवढी लांब गेलेली नाहीत जेवढा राग वाढलाय. आपल्याकडे सोयरीक जमवताना पक्षाच्या आधी बाकीचंच इतकं विचारलं जातं की हा प्रश्न जसाच्या तसा इथे विचारून काही हाती लागेल असं मला वाटत नाही, प्रकल्पासाठी घेणार असाल तर इथला वेगळा प्रश्न शोधा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रीडेव्हलपमेंटवरून वाद आहे. सेक्रेटरी म्हणतात भरपूर चर्चा करा म्हणजे मतं जवळ येतील. गेले काही महिने उलटंच होतंय. – एक सभासद, ठाणे

उत्तर : होणारच. कोण कुणाशी चर्चा करतंय ते बघा. १९६९ साली मॉस्कोविची आणि झावालोनी या मानसशास्त्रज्ञांनी पॅरिसमधल्या शाळकरी मुलांना छोट्या गटांत बसवून फ्रान्सचे नेते द गॉल यांच्याबद्दल आणि अमेरिकनांबद्दल बोलायला लावलं. मुलांना द गॉल आधीच थोडे आवडत होते, बोलून झाल्यावर जास्त आवडायला लागले. अमेरिकन आधीच थोडे नावडते होते, ते जास्त नावडते झाले. म्हणजे गट ज्या बाजूला थोडासा कललेला असतो त्याच बाजूला चर्चेनंतर अजून सरकतो, कारण एकाच बाजूचे नवनवे मुद्दे कानावर येतात आणि शिवाय आपण गटात मागे नाही हे दाखवायचं असतं. तुमच्या मेन ग्रुपवर कदाचित शांतताही असेल हो, पण ‘ए विंग ओन्ली’ आणि ‘बिल्डरविरोधी’ असे जे बाजूचे ग्रुप असतात (असतातच) तिथे हे चाललेलं असतं. सेक्रेटरींना सांगा, दोन्हीकडची मिसळून चार-चार जणांची टेबलं लावा आणि हातात कराराचा एकच मुद्दा द्या, कार्पेट एरिया किंवा भाडं, एकावेळी एकच.

प्रश्न : पोलराइज्ड गॉगल घेतला. उन्हात मस्त दिसतं पण मोबाईल आडवा धरला की स्क्रीन काळी होते. गॉगल खराब की फोन? – रत्नागिरी

उत्तर : दोन्ही चांगले, आणि गॉगल खरा आहे याचा हा पुरावाच समजा, कारण रस्त्यावर ‘पोलराइज्ड’ स्टिकर लावून नुसती रंगीत प्लास्टिकची काच विकतात. दुकानातच एलसीडी स्क्रीनसमोर धरून फिरवून बघायचा, अंधार-उजेड झाला तर खरा. फोन आणि लॅपटॉपच्या स्क्रीनमधून येणारा प्रकाश आधीच एका दिशेचा असतो आणि गॉगलमधे दुसरी गाळणी, दोघांच्या दिशा काटकोनात आल्या की काहीच पलीकडे येत नाही. काही नव्या स्कूटरचे डिस्प्लेसुद्धा असेच काळे होतात, तेव्हा गाडी घेण्याआधी गॉगल घालूनच शोरूममधे जा!

या गाळण्या एडविन लँड या अमेरिकन तरुणाने १९२० च्या दशकाच्या शेवटी शोधल्या, पोलरॉइड त्याचंच. हल्लीच्या पद्धतीत प्लास्टिकची फिल्म एका दिशेला ताणून आयोडीनमधे बुडवतात, सगळे लांब रेणू ताणाच्या दिशेला लागतात. इथे शाळेत एक उदाहरण देतात, खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी हलवली तर उभी लाट जाते आणि आडवी अडते. समजायला ठीक आहे पण फिल्ममधे उलटं असतं, रेणू ज्या दिशेला लांब त्याच दिशेचं क्षेत्र ते पिऊन टाकतात आणि काटकोनातलं जाऊ देतात. परीक्षेला कुणी विचारलं तर गजांवर भरवसा ठेवू नका.

ओला रस्ता, समुद्राचं पाणी यावरून तिरका परतलेला प्रकाश बराचसा आडवा झालेला असतो, गॉगल तो अडवतो म्हणून चकाकी जाते. पाण्यावरच्या उभ्या रेषेशी ५३ अंशांचा कोन करून बघितलं तर चकाकी जवळपास पूर्ण अडते, ब्रूस्टरचा कोन तो. तुमच्याकडे समुद्र आहे म्हणून सांगते, १९२१ साली सी. व्ही. रामन युरोपातून नारकुंडा जहाजाने परत येत होते, तेव्हा डेकवरून त्यांनी हेच केलं. निकोल प्रिझममधून, म्हणजे प्रकाशाची एकच दिशा जाऊ देणाऱ्या जुन्या गाळणीतून, समुद्राकडे बघून पृष्ठभागावरची चकाकी घालवली आणि बघितलं तर निळा रंग गेला नाही, उलट खुलला. म्हणजे समुद्राचा निळा हा काही फक्त आकाशाचं प्रतिबिंब नाही, पाणी स्वतः प्रकाश विखुरतंय. जहाज मुंबई बंदरात आल्याबरोबर त्यांनी ‘नेचर’ला पत्र पाठवलं. पुढे १९२८ साली तो धागा रामन परिणामापर्यंत गेला हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मांडवी जेट्टीवरून गॉगल डोळ्यांसमोर फिरवत बघा, तोच प्रयोग आहे.

प्रश्न : ताई, एक फॉरवर्ड आलाय. काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडमधून प्रकाश जात नाही, पण त्यांच्या मधे तिसरा तिरपा ठेवला की जातो! खाली लिहिलंय, ‘समाजालाही अशाच मधल्या माणसांची गरज आहे.’ खरं का हे? – निवृत्त शिक्षिका, संगमनेर

उत्तर : बाई, वरचं अर्धं शंभर टक्के खरं आहे. पहिल्या गाळणीतून अर्धा प्रकाश जातो, ४५ अंशात ठेवलेल्या मधल्यातून त्याचा अर्धा, तिसऱ्यातून त्याचाही अर्धा, म्हणजे मूळच्या एक अष्टमांश. मधली काढली की शून्य. गाळणी वाढवली आणि उजेड वाढला, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा चक्रावतोच. खुबी अशी की गाळणी नुसती अडवत नाही, जे पलीकडे जातं त्याला स्वतःची दिशा देऊन पाठवते. मधल्या गाळणीनंतर प्रकाश तिरपा झालेला असतो आणि तिरप्यातला थोडा भाग तिसरीला चालतो.

खालच्या अर्ध्याला मात्र मी सही करणार नाही. तीच तिरपी गाळणी दोघींच्या आधी ठेवा किंवा दोघींच्या नंतर, अंधार कायम. शिवाय मधली गाळणी काही मवाळ वगैरे नसते हो, ती पण बाकी दोघींइतकीच कडक, स्वतःची दिशा सोडून बाकी सगळं पिऊन टाकणारी. आणि आठातले सात भाग वाटेतच गेले ते फॉरवर्डमधे कुणी लिहीत नाही. वर्गात प्रयोग म्हणून जरूर दाखवा, जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म सोलून निघते आणि ती चालते, समाजाचं मात्र वेगळं सांगा.

प्रश्न : विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. डिश टीव्हीवर निम्मे चॅनल दिसतात, निम्मे नो सिग्नल. मेकॅनिक म्हणाला ‘पोलरायझेशनचा प्रॉब्लेम’ आणि नवीन एलएनबीचे (डिशच्या पुढ्यातली सिग्नल पकडणारी डबी) पैसे सांगितले. फसवतोय का? – जत

उत्तर : निदान बरोबर असू शकतं, इलाज महाग सांगितलाय. उपग्रह एकाच पट्ट्यात निम्मे चॅनल उभ्या कंपनांनी पाठवतो, निम्मे आडव्या, म्हणजे एकमेकांत न मिसळता दुप्पट माल जातो. तुमच्या सेटटॉप बॉक्सने केबलमधून वर एलएनबीला १३ व्होल्ट दिले तर ती उभे घेते आणि १८ दिले तर आडवे. केबल लांब असेल किंवा टोकाचा कनेक्टर गंजला असेल तर १८ चे वाटेत १४ होतात, एलएनबीला वाटतं उभेच मागितलेत, आडवे सगळे गायब. तेव्हा आधी बॉक्स बंद करा, गच्चीवरचा आणि खालचा दोन्ही एफ कनेक्टर काढून बघा, आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर तेवढं टोक कापून नवीन कनेक्टर बसवा, चाळीस-पन्नास रुपयांचं काम. मग एलएनबी तिच्या क्लिपमधे वाऱ्याने फिरलीय का ते बघा, फिरली असेल तर स्क्रीनवर सिग्नल क्वालिटीचा आकडा लावून कुणालातरी खाली बसवा आणि थोडी थोडी वळवत जा. एवढं करूनही आडवे आले नाहीत तरच नवीन एलएनबी.